७४१ तीनदा बदलला तरी आउटपुट येत नाही? आधी इन्व्हर्टिंग की नॉन-इन्व्हर्टिंग ते बघा

मी एका पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये आहे, आणि दरवर्षी जानेवारी ते मार्च, म्हणजे प्रोजेक्ट सबमिशनच्या हंगामात, एकच वाक्य ऐकते, "मॅडम, आयसी खराब आहे". हा आयसी म्हणजे ७४१ सारखा ऑप-अँप, छोटा सिग्नल मोठा करणारा. मग मुलगा किंवा मुलगी बुधवार पेठेत जाऊन नवीन आयसी आणते, तोही "खराब" निघतो, मग अजून एक. चहाच्या किमतीचा आयसी असतो, बसभाडं त्याच्यापेक्षा जास्त होतं. खरं सांगायचं तर आयसी मेलेला असतो असं फार क्वचित होतं. बहुतेक वेळा सर्किट बरोबर जोडलेलं असतं पण चुकीचं निवडलेलं असतं. म्हणजे जिथे नॉन-इन्व्हर्टिंग (सिग्नल प्लस इनपुटला, सुलटाच वाढतो) हवा तिथे इन्व्हर्टिंग (सिग्नल मायनस इनपुटला, उलटा होऊन वाढतो) लावलाय, किंवा उलट, कारण प्रॅक्टिकलच्या वहीत जे आधी सापडलं ते उतरवलं. तर हा फॉल्ट मी इतक्या वेळा काढलाय की आता एकदाचं लिहूनच टाकते.

आधी लक्षणं, तुमचं कुठलं ते ओळखा:

– फंक्शन जनरेटर लावला की मस्त चालतं, खरा माइक किंवा सेन्सर लावला की आवाजच नाही. हे सगळ्यात कॉमन.
– गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो तो आकडा, हिशोबाने १०० यायला हवा, येतो ८-१०.
– आउटपुट एका बाजूला जाऊन चिकटतं, इनपुट काहीही द्या ते हलत नाही.
– आउटपुट कायम शून्य, आणि सप्लाय सिंगल ५ व्होल्ट.
– चालू केल्यावर दहा-पंधरा सेकंद छान, मग हळूहळू बसतं. मीटर लावला की परत जिवंत होतं, काढला की मेलं. (हे बघून पोरं घाबरतात, भुताटकी वाटते.)
– आवाज येतो पण पातळ, डबड्यातून आल्यासारखा, खालचे सूर गायब.
– रीडिंग एका आकड्याच्या वर जातच नाही.

आता तपासण्या. ज्याला पैसे आणि वेळ काहीच लागत नाही तिथून सुरू करू.

सप्लाय आणि ग्राउंड, आणि ते आयसीच्या पायावर मोजा

पॉवर सप्लायच्या डिस्प्लेवर १५ दिसतंय म्हणून आयसीला १५ मिळतंय असं नसतं. मीटरचा काळा प्रोब सर्किटच्या ग्राउंडला, लाल प्रोब थेट आयसीच्या पायावर. ७४१ असेल तर ७ नंबरला प्लस, ४ नंबरला मायनस. एलएम३५८ किंवा टीएल०७२ हे दुसरे ऑप-अँप असतील तर ८ ला प्लस आणि ४ ला ग्राउंड किंवा मायनस. मोठ्या ब्रेडबोर्डवर कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या बऱ्याचदा मध्यावर तुटलेल्या असतात, डावीकडे सप्लाय लावलाय आणि आयसी उजवीकडे बसलाय, झालं. एक जंपर मारला की काम होतं.

ड्युअल सप्लायमध्ये अजून एक गंमत होते. दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या घेतल्या तर एकीचा मायनस दुसरीच्या प्लसला जोडतात आणि तो जोड म्हणजे तुमचं ग्राउंड, तिथून वायर सर्किटला यायलाच हवी. ती वायर विसरणारे दर बॅचला दोन-चार असतातच. बेंच सप्लायवर हिरवं टर्मिनल असतं ते अर्थिंगचं, त्याला ग्राउंड समजून बसू नका. हे का महत्त्वाचं, तर ऑप-अँपला स्वतःची ग्राउंड पिनच नसते, तो फक्त दोन सप्लाय आणि दोन इनपुट ओळखतो, शून्य कुठे आहे ते तुम्ही बाहेरून सांगायचं असतं.

पिन २ आणि ३ ची अदलाबदल

हा फॉल्ट खास या दोन सर्किटांमुळेच होतो. वहीत इन्व्हर्टिंग काढताना मायनस इनपुट वर आणि प्लस इनपुट खाली काढतात. नॉन-इन्व्हर्टिंग काढताना बऱ्याच ठिकाणी प्लस वर आणि मायनस खाली असतं. मुलं चित्रातल्या जागेवरून जोडतात, चिन्ह बघत नाहीत. आयसीवर मात्र २ नंबर मायनस आणि ३ नंबर प्लस, तो काही तुमच्या चित्राप्रमाणे पालटत नाही. फीडबॅकचा रेझिस्टर (आउटपुटवरून परत इनपुटला येणारा) चुकून प्लसला गेला की सर्किट अँप्लिफायर राहतच नाही, ते श्मिट ट्रिगर होतं आणि आउटपुट जिथे पहिल्यांदा पडलं तिथेच चिकटून बसतं. नियम एकच, दोन्ही सर्किटांत फीडबॅक कायम मायनसलाच. सिग्नल कुठून देताय एवढाच काय तो फरक.

दोन मिनिटांची टेस्ट, माझी सगळ्यात आवडती

मीटर डीसी मिलिव्होल्टवर, एक प्रोब पिन २ वर, दुसरा पिन ३ वर. सर्किट नीट चालत असेल तर फरक जवळजवळ शून्य, फार तर दोन-पाच मिलिव्होल्ट दिसेल. ऑप-अँपचं कामच ते आहे, आउटपुट असं हलवत राहायचं की दोन्ही इनपुट सारखे होतील. फरक शेकडो मिलिव्होल्ट आला तर समजायचं की आयसी प्रयत्न करतोय पण त्याला जमत नाहीये, कारण एकतर फीडबॅक तुटलाय किंवा आउटपुटला जिथे जायचंय तिथे जायला सप्लायच नाही. पिन २ आणि ३ सारखे आहेत आणि तरी आउटपुट चुकीचं असेल, तर आयसी निर्दोष, रेझिस्टर किंवा सोर्स बघा. या एका रीडिंगने निम्मा तपास संपतो, पण व्हायव्हाला "व्हर्च्युअल ग्राउंड म्हणजे काय" याचं पाठ उत्तर देणारी मुलं मीटर लावून ते कधी बघतच नाहीत.

रेझिस्टर पण याच वेळी बघून घ्या, एक पाय उपसून मीटरने. ट्यूबलाइटखाली लाल आणि नारिंगी पट्टा सारखाच दिसतो, म्हणजे १के च्या जागी १०के. इन्व्हर्टिंगमध्ये गेन म्हणजे फीडबॅकचा रेझिस्टर भागिले इनपुटचा रेझिस्टर. नॉन-इन्व्हर्टिंगमध्ये तोच भागाकार अधिक एक. १०के आणि १के घेतले तर एकात उणे १०, दुसऱ्यात ११. कोणी ११ आलं म्हणून तक्रार घेऊन आलं तर मी वही उघडायला सांगते.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर वायरिंगचा प्रश्न नाही, निवडीचा आहे. आता खरा विषय.

प्रश्न पहिला: तुमच्याकडे मायनस सप्लाय आहे का?

दर वर्षीचा हिरो म्हणजे एलएम३५. टेंपरेचर सेन्सर, एका डिग्रीला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे ३० डिग्रीला ३०० मिलिव्होल्ट. ते वाढवून मायक्रोकंट्रोलरला द्यायचं म्हणून कोणीतरी एलएम३५८ घेतो, सिंगल ५ व्होल्ट सप्लाय, आणि वहीतलं पहिलं सर्किट म्हणजे इन्व्हर्टिंग. १के, १०के. प्लस पिन ग्राउंडला. आउटपुट शून्य. आयसी बदलला, शून्य. सेन्सर बदलला, शून्य.

अरे पण ते सर्किट इमानदारीत उणे ३ व्होल्ट द्यायचा प्रयत्न करतंय आणि तुम्ही त्याला शून्याखालचा सप्लायच दिला नाही, मग तो देणार कुठून? वरची टेस्ट इथे लावली तर पिन ३ वर शून्य आणि पिन २ वर साधारण २७० मिलिव्होल्ट दिसतात (३०० चे १० भागिले ११), म्हणजे आयसी ओरडून सांगतोय. उपाय फुकट आहे, त्याच रेझिस्टरांनी नॉन-इन्व्हर्टिंग करा. सिग्नल थेट ३ नंबरला, १के ग्राउंडला, १०के फीडबॅक. एलएम३५८ चे इनपुट ग्राउंडपर्यंत चालतात म्हणून हे जमतं. ७४१ ला हे जमत नाही, त्याला दोन्ही सप्लायपासून दोन-तीन व्होल्ट लांब राहायला लागतं, त्यामुळे सिंगल ५ व्होल्टवर ७४१ लावूच नका. तो १९६८ चा आयसी आहे, तेव्हा सगळे अधिक-उणे १५ वर काम करायचे.

आता हाच मुलगा खूश होऊन जातो आणि एप्रिलमध्ये परत येतो, "मॅडम, रीडिंग ३२ च्या वर जात नाही, बाहेर ३९ आहे". कारण एलएम३५८ चं आउटपुट वरच्या सप्लायच्या साधारण दीड व्होल्ट खाली थांबतं. ५ मधून दीड गेले, उरले साडेतीन, भागिले ११ म्हणजे ३१८ मिलिव्होल्ट, म्हणजे बत्तीसच्या जवळपास. हिशोब सरळ आहे पण थंडीत कोणाच्या लक्षात येत नाही. गेन ५ करा, म्हणजे ७० डिग्रीपर्यंत मोकळे. किंवा एमसीपी६००२ सारखा रेल-टू-रेल, म्हणजे ज्याचं आउटपुट जवळजवळ सप्लायपर्यंत जातं असा आयसी घ्या.

आणि मायनसच्या चिन्हाला घाबरून नॉन-इन्व्हर्टिंग निवडणारे पण असतात, त्यांना सांगते, सिग्नल एसी असेल, म्हणजे आवाज असेल, तर उलटा झाला तरी एकट्या माइकमध्ये कानाला काही कळत नाही. दोन माइक एकाच वाद्यावर लावून मिसळणार असाल तेव्हा मात्र एक उलटा आणि एक सुलटा ठेवू नका, एकमेकाला खातात.

प्रश्न दुसरा: सोर्स किती कमकुवत आहे?

फंक्शन जनरेटरवर चालतं आणि माइकवर नाही, त्याचं उत्तर इथे आहे. फंक्शन जनरेटरचा आउटपुट रेझिस्टन्स ५० ओहम असतो. १के च्या पुढे ५० ओहम म्हणजे गेन १०० ऐवजी ९५ येतो, कोणी मोजत पण नाही. आता छोटा कंडेन्सर माइक घ्या, त्याला १०के मधून सप्लाय दिलाय, म्हणजे सर्किटला तो माइक जवळपास १०के चा सोर्स दिसतो. तुमच्या इन्व्हर्टिंगचा इनपुट रेझिस्टर १के, फीडबॅक १००के. वहीत गेन १००. प्रत्यक्षात सोर्सचे १०के त्या १के मध्ये मिळवा, झाले ११के, आणि १०० भागिले ११ म्हणजे ९. शंभर मागितले, नऊ मिळाले, आणि आयसी खराब ठरला.

इन्व्हर्टिंगचा इनपुट इम्पीडन्स म्हणजे तोच इनपुट रेझिस्टर, कारण त्याचं दुसरं टोक व्हर्च्युअल ग्राउंडला, म्हणजे शून्यावर बसलेल्या मायनस पिनला आहे. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्याचा अर्थ असा की माइकला वाटतं कोणीतरी १के ग्राउंडला बांधलाय.

तपासायची पद्धत सोपी. सोर्सचं टोक सर्किटपासून सोडा, सीआरओवर (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर) सिग्नलची उंची बघा. जोडा, परत बघा. फरक नगण्य असेल तर सोर्स दमदार आहे, कुठलंही सर्किट चालेल. उंची निम्म्याने किंवा जास्त पडली तर सोर्स दबतोय, नॉन-इन्व्हर्टिंगला जा. सीआरओ नसेल तर मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून कानानेही अंदाज येतो, फक्त आवाज सारख्याच अंतरावरून करा.

काही हुशार मुलं म्हणतात, मग इन्व्हर्टिंगच ठेवून इनपुटला १००के लावू. लावा ना, पण मग गेन १०० साठी फीडबॅकला १० मेगओहम लागतील. ७४१ चा बायस करंट, म्हणजे इनपुटच्या पायातून वाहणारा बारीक करंट, साधारण ८० नॅनोअँपिअर, तो १० मेगमधून गेला की आउटपुटला ०.८ व्होल्टची फुकटची एरर. शिवाय ब्रेडबोर्डच्या पट्ट्यांमधली दोन-चार पिकोफॅरड कपॅसिटन्स एवढ्या मोठ्या रेझिस्टरबरोबर खेळ करते. नको ती कसरत.

पखवाजाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचे मामा भजनी मंडळात पखवाज वाजवतात, त्यांनी पखवाजाला पिझो डिस्क, म्हणजे कंपनाचं व्होल्टेज करणारी चकती, चिकटवून घेतली होती आणि कोणीतरी त्यांना इन्व्हर्टिंगचा प्रीअँप करून दिला होता, १०के इनपुटचा. मामा फोनवर म्हणाले, "अगं, कणीक लावलेलं तोंड वाजतच नाही, नुसतं टकटक येतं". पिझो म्हणजे सर्किटच्या दृष्टीने एक कपॅसिटर, माझ्या मीटरवर ती डिस्क २० नॅनोफॅरडच्या आसपास भरली. २० नॅनो आणि १०के मिळून जो फिल्टर होतो तो सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापायला लागतो. डाव्या तोंडाचा सगळा घुमारा त्याच्या खूप खाली. मंडळी इक्वलायझरवर बास वाढवत बसली होती, जे आत आलंच नाही ते वाढणार कसं! टीएल०७२ नॉन-इन्व्हर्टिंग केला, प्लस पिनला १ मेगओहम ग्राउंडला, कापायची जागा ८ हर्ट्झवर गेली आणि कणीक बोलायला लागली. जोरात थाप पडली की पिझो बऱ्यापैकी मोठा व्होल्टेज देतो, म्हणून पुढे १०के सिरीजमध्ये आणि दोन्ही सप्लायकडे एकेक १एन४१४८ डायोड टाकलाय, तेवढं विसरू नका. आणि १ मेगचं इनपुट म्हणजे ५० हर्ट्झची गुणगुण पकडणारी अँटेना, तेव्हा शील्डेड वायर घ्या आणि आखूड ठेवा.

नॉन-इन्व्हर्टिंगचे दोन खास फॉल्ट

आता नॉन-इन्व्हर्टिंग लावलं म्हणजे सुटलो असं नाही, त्याची स्वतःची दोन दुखणी आहेत जी इन्व्हर्टिंगला सहसा होत नाहीत.

पहिलं, ते पंधरा सेकंदवालं भूत. सिग्नल कपॅसिटरमधून थेट प्लस पिनला दिलाय आणि प्लस पिनवरून ग्राउंडला रेझिस्टर नाही. चित्रात सुटसुटीत दिसतं. पण त्या पिनमध्ये बायस करंट वाहतो, लहान का होईना, आणि त्याला जायला दुसरा रस्ता नसल्यामुळे तो कपॅसिटरच चार्ज करत बसतो. ८० नॅनोअँपिअर आणि १ मायक्रोफॅरड, म्हणजे सेकंदाला ०.०८ व्होल्ट. गेन ११ असेल तर पिनवर सव्वा व्होल्ट झाला की आउटपुट टोकाला, आणि तेवढं व्हायला पंधराएक सेकंद लागतात. अधिक-उणे १५ वर ७४१ ची ही गोष्ट आहे, करंट आत ओढत असल्यामुळे आउटपुट मायनसकडे जातं. एलएम३५८ मध्ये करंट बाहेर येतो म्हणून ते वर चढतं. मीटर लावल्यावर चालतं, कारण मीटरचे आतले १० मेगओहम तोच हरवलेला रस्ता देतात. म्हणजे भूत तुमच्याच हातात असतं. उपाय, प्लस पिनवरून ग्राउंडला १००के, बास. इन्व्हर्टिंगमध्ये कपॅसिटर टाकला तरी हे होत नाही कारण मायनस पिनला फीडबॅकमधून करंट मिळत राहतो आणि प्लस पिन आधीच ग्राउंडला असते.

दुसरं दुखणं सिंगल ९ व्होल्टवर आवाजाचं सर्किट करताना. सप्लायच्या मध्याला, म्हणजे साडेचारला, प्लस पिन टांगायची हे सगळ्यांना माहीत असतं, दोन सारखे रेझिस्टर आणि एक कपॅसिटर. ते करतात, आणि खालचा १के मात्र थेट ग्राउंडला जोडतात. मग गेन ११ सिग्नलला लागतो तसाच त्या साडेचारलाही लागतो, आयसीला साडेएकोणपन्नास व्होल्ट द्यायचे असतात, तो बिचारा वरच्या टोकाला जाऊन बसतो. त्या १के आणि ग्राउंडच्या मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, प्लस बाजू रेझिस्टरकडे. डीसीला गेन १ होतो, आउटपुट साडेचारवर शांत बसतं, आवाजाला ११ मिळतात. माझ्याकडे येणाऱ्या "आउटपुट चिकटलं" केसेसमध्ये पिन अदलाबदलीनंतर ह्याचाच नंबर.

मग इन्व्हर्टिंग लावायचंच कधी?

मी वर इतकी टीका केली म्हणून ते वाईट समजू नका, काही कामं तोच करतो. तीन-चार माइक मिसळायचे असतील तर इन्व्हर्टिंग समिंगच, कारण मायनस पिन शून्यावर बसलेली असते त्यामुळे एका माइकचा सिग्नल दुसऱ्याच्या वायरीत घुसत नाही, एकाचा व्हॉल्यूम फिरवला तर दुसऱ्याचा बदलत नाही. नॉन-इन्व्हर्टिंगने मिक्सर केलेला मी बघितलाय, एक पॉट फिरवला की बाकीचे तीन हलायचे. गेन एकापेक्षा कमी हवा असेल तरी इन्व्हर्टिंग, नॉन-इन्व्हर्टिंगचा गेन एकाच्या खाली जाऊच शकत नाही. सप्लायपेक्षा मोठा व्होल्टेज मोजायचाय, समजा सोलर पॅनेलचे ४० व्होल्ट, तर १ मेग आणि १००के चं इन्व्हर्टिंग घेतलं की आयसीच्या पिनवर शून्यच राहतो आणि आउटपुटला उणे ४ मिळतात, अर्थात ड्युअल सप्लाय हवा. फोटोडायोडसारखा सोर्स व्होल्टेज देत नाही, करंट देतो, तो पण थेट मायनस पिनला. १ मायक्रोअँपिअर आणि १ मेगचा फीडबॅक, १ व्होल्ट. तिथे ७४१ नको, त्याचे ८० नॅनो त्यात मिसळतात, टीएल०७२ घ्या, त्याचा बायस करंट पिकोअँपिअरमध्ये आहे.

थोडक्यात सोर्स दबत नसेल आणि मायनस सप्लाय हाताशी असेल तर मी स्वतः इन्व्हर्टिंगच लावते. त्यात दोन्ही पिन जागेवर स्थिर राहतात, वर-खाली नाचत नाहीत, आणि चुका मीटरने पकडायला सोपं जातं.

निवड बरोबर आणि तरी त्रास

हे पटकन. फ्रिक्वेन्सी वाढवल्यावर गेन पडतोय? ७४१ कडे एकूण साधारण १ मेगाहर्ट्झची शिदोरी आहे, गेन १०० घेतला तर १० किलोहर्ट्झपर्यंतच पुरते. एकाच आयसीतून १००० चा गेन काढू नका, दोन टप्प्यांत काढा. साइन वेव्ह त्रिकोणी दिसतेय? तो स्ल्यू रेट, म्हणजे आउटपुट किती वेगाने हलू शकतं ते, ७४१ चा मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट, त्यामुळे १० व्होल्ट पीकवर आठ किलोहर्ट्झच्या पुढे त्रिकोण होणारच, दोन्ही सर्किटांत सारखाच. काही इनपुट नसताना सीआरओवर जाड पट्टा दिसतोय? ऑसिलेट होतंय, म्हणजे इनपुट नसताना आपोआप वर-खाली होतंय. सप्लायच्या पायाजवळ १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर टाका, आउटपुटला लांब शील्डेड वायर असेल तर सिरीजमध्ये १०० ओहम.

आणि सगळ्यात शेवटी, हो शेवटी, आयसी. तोही बदलायच्या आधी तपासा. सगळे रेझिस्टर काढा, ७४१ ची पिन ६ (आउटपुट) थेट पिन २ ला, पिन ३ ग्राउंडला. आउटपुट काही मिलिव्होल्टच्या आत शून्य हवं. मग पिन ३ ला पेन्सिल सेलचा प्लस लावा आणि सेलचा मायनस ग्राउंडला, आउटपुट दीड व्होल्ट हवं. दोन्ही आलं तर आयसी जिवंत आहे, दुकानात जाऊ नका. नाही आलं तरच नवीन आणा, आणि नव्यावर पण हीच टेस्ट आधी करा.

इथे थांबा

आयसी बोट ठेवता येणार नाही इतका गरम झाला तर लगेच सप्लाय बंद, परत परत चालू करून बघायचं नाही. बहुतेक सप्लाय उलटा लागलाय, तेवढं तपासा आणि कळलं नाही तर कोणाला तरी दाखवा.

सर्किटचा सप्लाय २३० व्होल्टवरून ट्रान्सफॉर्मरशिवाय घेतलेला असेल, किंवा एसएमपीएस उघडावा लागणार असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. मंडळाच्या मोठ्या अँप्लिफायरमध्ये प्रीअँपला हाच ऑप-अँप असतो हे खरं, पण शेजारचे मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून बसतात. तो दुरुस्तीवाल्याकडेच न्या.

ईसीजी किंवा अंगाला इलेक्ट्रोड लावायचा कुठलाही प्रोजेक्ट असेल तर मेनवर चालणारा सप्लाय, मेनवरचा सीआरओ आणि चार्जिंगला लावलेला लॅपटॉप यांपैकी काहीही त्याला जोडलेलं असताना माणसाला जोडू नका. आयसोलेशन समजणाऱ्या सरांना बरोबर घेतल्याशिवाय तर मुळीच नाही. कंपनीत ट्रेनिंगला असाल आणि पॅनेलमधलं सिग्नल कार्ड बिघडलं असेल तर "हे आपलं लॅबवालंच सर्किट" म्हणून हात घालू नका, त्या सिग्नलवर कुठला व्हॉल्व्ह किंवा मोटर अवलंबून आहे ते तुम्हाला माहीत नसतं, इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना बोलवा.

आणि वरचं सगळं करूनही अडलात, तर लॅबमधल्या कोणाकडेही जाताना तीन रीडिंग लिहून न्या: दोन्ही सप्लाय पायावर किती, पिन २ आणि ३ मधला फरक किती, आउटपुटला डीसी किती. सोर्स कुठला तेही लिहा. फक्त सर्किट सोडून आयसी तेवढा डबीत घालून आणू नका, ब्रेडबोर्ड जसा आहे तसाच उचलून आणा, कारण एकदा वायरी उपटल्या की फॉल्ट कुठे होता ते मला पण सांगता येत नाही.